तीन नंबरची कुंडी

रत्नागिरी,
१२ फेब्रुवारी

शमिका,

पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. फोन करता आला असता. पण फोनवर बोलताना माणूस नको तिकडे वळतं आणि मला फक्त कामाचं विचारायचं आहे. तुझी सासू म्हणून लिहीत नाही. वनस्पतिशास्त्र शिकून चव्वेचाळीस वर्षं झालेली एक बाई, रोज या झाडांत काम करणाऱ्या मुलीला विचारते आहे, असं समज.

ऑक्टोबरच्या शेवटी तुझ्या व्हरांड्यातून मी आणलेल्या तिन्ही कुंड्या व्यवस्थित आहेत. मी त्यांना एक, दोन, तीन असे नंबर घातले आहेत. गुरुप्रसादने रस्त्यासाठी कडा फोडताना निघालेल्या खडकातून ही रोपं उचलली, तेव्हा त्याने मला फोनवर अँड्रोसेस हे नाव सांगितलं होतं. मी पुस्तकात बघून ठेवलं होतं. तेरा हजार फुटांवरचं, जमिनीला चिकटून वाढणारं, वर्षानुवर्षं टिकणारं. त्याने तुला दिलं आणि तू वाढवलंस, तेही मला माहीत आहे.

प्रश्न असा. खालची पानं तपकिरी होतात आणि ओढली की हातात येतात. वरचा भाग हिरवा दिसतो. हे रोपाच्या स्वभावात आहे की रोग आहे? पाणी मी रोज सकाळी देते. ऊन भरपूर आहे. शेणखत महिन्यातून एकदा.

बर्फात टपाल पोचायला किती दिवस लागतात माहीत नाही. उत्तर थोडक्यात दे.

मथुरा भाटकर


६ मार्च

शमिका,

तुझा मेसेज मिळाला. आठ ओळी होत्या. वहीत उतरवून घेतल्या, कारण फोनमधलं मला पुन्हा सापडत नाही.

रोज पाणी नाही. वरून तर कधीच नाही, कुंडी परातीत ठेवून खालून पाजायची. शेणखत अजिबात नाही, खायला मिळालं की ते रोप फुगतं आणि मऊ होऊन सडतं. अकरानंतरचं ऊन नाही. वारा हवा. रोपाच्या मानेशी खड्यांचा थर हवा, म्हणजे पानं ओल्या मातीला टेकत नाहीत.

आता खड्यांचं. तू कुंड्यांत घातलेले काळे चपटे खडे मला कमी वाटले होते. मी डिसेंबरात लवूला सांगून त्यात आणखी भर घातली. लवू म्हणजे पावसचा, आपली कलमं बांधायला येतो तो, तुमच्या लग्नात ज्याने मांडव घातला. त्याने जांभ्याचा चुरा आणून दिला. इथे घर जांभ्याचं, कुंपणाचा गडगा जांभ्याचा, तेव्हा कुंडीतही जांभाच. मलाही काही वावगं वाटलं नाही. तुझा मेसेज वाचल्यावर एक तुकडा पाण्यात टाकून मग फोडून बघितला. आतपर्यंत ओला होता. स्पंजासारखा पाणी धरून बसतो तो दगड. म्हणजे ज्या मानेला कोरडं ठेवायचं, तिला मी तीन महिने ओलं फडकं गुंडाळून ठेवलं होतं. आमच्या पिढीला हे कॉलेजात शिकवलं होतं. मी पुढे तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं.

चुरा काढून टाकला. लवू म्हणाला, "बाई, कलमाला निदान आपला ऐकायची सवय असते. ह्या पावण्याला आपली भाषाच कळत नाय." मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

एक गोष्ट दुरुस्त करते. एक नंबरची कुंडी गेली. मागच्या पत्रात तिन्ही व्यवस्थित आहेत असं लिहिलं होतं. लिहिलं तेव्हाच ती गेलेली होती.

मथुरा भाटकर


२९ मार्च

शमिका,

इथे पारा अडतीसवर गेला. रात्रीही अंगाला घाम असतो. तू विचारलंस रात्री किती थंड होतं म्हणून. होतच नाही. तू लिहितेस की दिवसाचं ऊन एकवेळ सोसेल, पण रात्र गार झाली नाही तर हे रोप आतून थकतं. मला हे वाक्य कळलं. त्यावर उपाय काय, ते तू लिहिलं नाहीस.

पडवीत उत्तरेच्या कोपऱ्यात स्टुलावर दोन्ही कुंड्या ठेवल्या होत्या आणि समोर टेबलफॅन. गंगा कामाला आली की हसायची. "मानसाला पंखा नाय नि झाडाला पंखा." तिच्यासाठी मग आतला पंखा लावून द्यावा लागायचा.

गंगाचंच सांगायचं आहे. मंगळवारी दोन नंबरच्या कुंडीत मासळी धुतल्याचं पाणी पडलं. आपल्याकडे ते फुकट घालवत नाहीत हे तुला सांगायला नको, तू दाभोळची आहेस. माडाला, कढीलिंबाला, शेवग्याला. पण या रोपाला म्हणजे विषच. दोन दिवसांत मुंग्या लागल्या, चौथ्या दिवशी मधला भाग काळा पडला, बोट लावलं तर आत गेलं. वास येत होता. कुंडी रिकामी केली.

गंगाला मी बोलले. जरा जास्तच बोलले. ती म्हणाली, "मी नाय ओतला पानी. तुमच्या सूनबाईंनी येकदा फोनवर सांगितलान तवापासून त्या कोपऱ्यात मी झाडूसुदा मारत नाय." मी म्हटलं, मग काय मासळीने स्वतः ओतलं? तेव्हापासून ती आलेली नाही.

तू तिला फोन करतेस हे मला माहीत नव्हतं.

तीन नंबरची कुंडी उरली आहे. तिला तीन लाल दोरे फुटले आहेत, प्रत्येकाच्या टोकाला पानांचा एक गेंद, हरभऱ्याएवढा. हे चांगलं लक्षण आहे ना?

मथुरा


१८ एप्रिल

चि. शमिका,

लिफाफ्यावर तुझं नाव लिहिताना दर वेळी हात थांबतो. चि. सौ. लिहायची सवय होती. नुसतं चि. लिहिलं की ओळ आखूड वाटते. म्हणून आधीच्या पत्रांत काहीच लिहिलं नाही. त्यात दुसरं काही नव्हतं.

ते लाल दोरे म्हणजे रोपाची पिल्लं, आणि ती कापून तुला पाठवायची, हे तुझं म्हणणं समजलं. ब्लेड आधी गॅसवर धरायचं, दोरा दोन बोटं ठेवून कापायचा, गेंद कोरड्याशा शेवाळात गुंडाळायचा, पुठ्ठ्याच्या डबीत घालून कुरिअर करायचं. पाच दिवसांत पोचेल. तिकडे आता बर्फ वितळतंय, रुजायला हीच वेळ. "आई, मोठं रोप तिकडचा पावसाळा काढणार नाही. निदान पिल्लं वाचवू." तू बरोबरच सांगत असशील.

पण ते आत्ता बरं आहे. बरं असताना त्याला ब्लेड लावायचं मला जमत नाही. थोडं थांबू.

रात्रीच्या उकाड्यावर मी उपाय काढला आहे. संध्याकाळी सात वाजता कुंडी फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. सकाळी सातला बाहेर. बारा तास हिमाचल, बारा तास रत्नागिरी. गंगा पहिल्या दिवशी फ्रिज उघडून उभी राहिली आणि म्हणाली, "कोलंबी कुठं ठेवू बाई? झाडाच्या मांडीवर?"

गंगा परत आली आहे. मी तिच्या घरी गेले होते. हातखंब्याच्या पुढे बस बदलावी लागते, मग चढ. तिच्या सुनेने चहा दिला. जे सांगायला गेले होते ते मी तिला सांगितलं, आता तुलाही सांगते. मासळीचं पाणी मी ओतलं.

चोवीस मार्च होता. लक्षात असेल तुझ्या. दर वर्षी त्या दिवशी बांगड्याचं तिखलं करायचे. तो असो नसो, करायचे, आणि संध्याकाळी त्याला फोनवर सांगायचे की तुझ्या वाटणीचं मी खाल्लं. या वर्षी करू नये असं गंगा म्हणत होती. मी आणलेच बांगडे. धुतले. टोप हातात घेऊन मागच्या दाराने माडाकडे जाते ती मी चाळीस वर्षं. त्या दिवशी पडवीकडे वळले. चुकून नव्हे. त्याचा वाढदिवस आहे, त्याच्या रोपाला काहीतरी द्यावं, एवढंच डोक्यात आलं. पाणी मातीत जिरेपर्यंत मी तिथे उभी होते आणि मला बरं वाटत होतं.

चार दिवसांनी कुंडीला वास येऊ लागला तेव्हा घरात मी आणि गंगाच होतो. मग मी गंगाचं नाव घेतलं.

मथुरा


३ मे

चि. शमिका,

फ्रिजमध्ये ठेवणं बंद केलं. आत अंधार आणि दमट, वर बर्फाखाली मात्र कोरडं आणि उजेड झिरपतो, असं तू लिहिलंस. पाच महिने बर्फाखाली ते झोपतं, आणि बर्फ हे त्याचं पांघरूण. मी बर्फाला शत्रू समजत होते. मी तिथे आले त्या पंधरा दिवसांत मला थंडीशिवाय काही दिसलं नाही. माणसं येऊन बसत होती, तू चहा करत होतीस, मी शाल काढली नाही. डोंगर कसे होते तेही मला आठवत नाही. ज्या वळणावरून त्याची जीप दरीत गेली तिथे तू मला नेणार होतीस. मी नको म्हटलं.

तुला बरं वाटावं म्हणून सांगते, रोप ठीक आहे. पिल्लं आता पाच झाली. फुलाचं मात्र चिन्ह नाही. तू म्हणतेस थंडी मिळाल्याशिवाय ते फुलणारच नाही, इथे दहा वर्षं जगलं तरी. गुरूने एकदा फुलाचा फोटो पाठवला होता. गुलाबी, मध्ये पिवळा डोळा. मी त्याला विचारलं होतं, एवढ्याशा फुलासाठी जीव धोक्यात घालून कड्यावर चढलास का? तो म्हणाला, "आई, चढलो नाही गं. आम्हीच तो कडा पाडला. हे खाली आलं."

कापायचं बघते. येत्या रविवारी नक्की.

मथुरा


४ जून

चि. शमिका,

उशीर झाला. मेच्या तिसऱ्या आठवड्यातच वादळी पाऊस सुरू झाला, तारांवर फांद्या पडल्या, अडीच दिवस वीज नव्हती. पंखा बंद. मी पुठ्ठ्याने वारा घातला, तासभर, मग हात दुखला. मग गंगाने घातला. ती आता हसत नाही.

पावसाचा थेंब लागू नये म्हणून लवूने पडवीला माडाच्या झापांची झड लावून दिली. थेंब आला नाही, पण हवाच ओली. भिंती ओल्या, वह्या ओल्या, आगपेटी पेटत नाही. कुंडीला मी तीन आठवडे पाणी घातलेलं नाही आणि तरी माती ओली आहे. हवेला कसं थांबवायचं, ते मला कळत नाही. लवू म्हणाला, "बाई, हितं मीठाला पानी सुटतंय, झाडाचा काय घेऊन बसलाय."

गोगलगायी आल्या होत्या. स्टुलाचे पाय मिठाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले. तरी एका रात्री एक भिंतीवरून आली.

तुझे तीन मेसेज वाचले. "आई, कापलीत का?" "आई, आता थांबू नका." "आई, मी कुणाला तिकडे पाठवू का?" कुणाला पाठवू नकोस. माझं मी करते. ब्लेड आणून ठेवलं आहे. रोप बरं आहे.

मथुरा


२० जुलै

चि. शमिका,

तीन नंबरची कुंडी गेली.

आज नाही गेली. चौदा जूनला. मागचं पत्र लिहिलं तेव्हा पाचातली तीन पिल्लं उरली होती, दोन त्या रात्री गोगलगायीने खाल्ली होती. उरलेली तीन कापायला मी पाच तारखेला बसले. ब्लेड गॅसवर धरलं. दोऱ्याला लावलं. मग ठेवून दिलं. सहा तारखेला पुन्हा तेच. मला वाटत होतं, कापलेलं वाटेत मेलं तर? कुरिअरवाल्याने डबी कुठल्या तरी गोदामात आठ दिवस ठेवली तर? इथे निदान माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी दर तासाला उठून बघते आहे. बघितल्याने काहीतरी होत असेल, असं मला वाटत होतं.

अकरा तारखेला मधल्या पानांवर करड्या रंगाची लव दिसली. तेव्हा मी घाईने कापायला घेतलं. तिन्ही दोरे कापण्यापूर्वीच तुटले. आतून मऊ झाले होते.

तू एप्रिलात सांगितलं होतंस. सांगितलं तेव्हाच कापून पाठवली असती तर आज तुझ्याकडे तीन रोपं असती. हे मला कुणी सांगायला नको. मी वर्गात मुलांना उत्तर चुकल्यावर कारण द्यायला बंदी करत असे. मीही देत नाही.

पाच आठवडे मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं की ते खरं होणार होतं. कुंडी तशीच स्टुलावर आहे. गंगा तिच्याभोवती झाडू मारते.

मथुरा


१० ऑगस्ट

चि. शमिका,

पत्र पोचलं त्याच दिवशी तुझा मेसेज आला. "आई, वाईट वाटून घेऊ नका. वरच्या कड्यावर अजून आहेत. दुसरं मिळेल."

मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. रागाने नव्हे. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आधी कुणाच्या तोंडून ऐकलं ते आठवायला मला दोन दिवस लागले, आणि आठवलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ते माझंच होतं.

पंधराव्या दिवशी, मी निघताना, तुझ्या व्हरांड्यात. तू तिन्ही कुंड्या रात्रीच्या दवापासून आत घेत होतीस. मी म्हटलं, या मला दे. तू म्हणालीस, "आई, या खाली जगणार नाहीत." तू एवढंच म्हणालीस. आणि मी म्हटलं, "तू तरुण आहेस. तुला दुसरा मिळेल. मला दुसरा मुलगा मिळणार नाही." बाहेर गाडीवाला उभा होता. शेजारची बाई होती, तिला मराठी कळत नव्हतं हे बरं झालं. तू एक एक कुंडी माझ्या हातात दिलीस. तिसरी देताना तिच्यावर तू फडकं झाकलंस, गाडीत वारा लागू नये म्हणून. मी आभारसुद्धा मानले नाहीत.

रत्नागिरीला पोचेपर्यंत त्या माझ्या मांडीवर होत्या. जिंकून आणल्यासारख्या.

तू मात्र ते वाक्य मला टोचावं म्हणून लिहिलेलं नाहीस. तुझ्या मनातही नसेल. तू खरंच समजूत घालत होतीस, आणि ते जास्त जड जातं. मी हे सात पत्रांत लिहिलं नाही. आठ ओळींचा सल्ला मागितला, तू दिलास. गंगाला फोन करून कुंड्यांची चौकशी करत राहिलीस, मला न विचारता, मला वाईट वाटू नये म्हणून.

चार दिवसांपूर्वी कुंडी रिकामी केली. माती माडाच्या बुंध्यात टाकली. तू घातलेले काळे चपटे खडे तेवढे वेचून घेतले, एक एक, कारण जांभ्याचे दोन-चार तुकडे अजून त्यांत मिसळलेले होते. धुतले आणि पडवीत वर्तमानपत्रावर वाळत घातले. पाऊस आहे, दोन दिवस लागले. धुतल्यावर दिसलं की एका खड्याची एक कड गोल आहे, नळीच्या आतल्या बाजूसारखी. मी लवूला दाखवला. त्याने लहानपणी खाणीत काम केलंय. तो म्हणाला, "सुरुंगाच्या भोकाचा हाय ह्यो. कुनीतरी हितं ड्रिल मारलाय." मी म्हटलं, कुणी मारलाय ते मला माहीत आहे.

ते खडे पुठ्ठ्याच्या डबीत घालून, माझ्या जुन्या सुती पातळाचा तुकडा भोवती गुंडाळून, या पत्राबरोबर पाठवते आहे. जड आहे. कुरिअरवाल्याला फोन केला तेव्हा त्याने आत काय म्हणून विचारलं, मी दगड म्हणून सांगितलं, त्याने तसंच लिहून घेतलं.

दुसरं रोप मिळालं तर यांत लाव. मला पाठवू नकोस. खाली ते जगत नाही. तू मला हे व्हरांड्यात सांगितलंस, आणि मला ते मान्य करायला दहा महिने आणि तीन कुंड्या लागल्या.

गोल कडेचा खडा मी ठेवून घेतला आहे. तुला विचारून ठेवायला हवा होता. तुला तो हवा असेल तर कळव, तोही पाठवते.

आई